गुरुदासचा गरीब पाय

गुरुदास तांडेल बायकोची, म्हणजे नर्मदेची, मासळी पिकअपमधून मालवणहून कसालच्या बाजारात नेत असे. गाडी डिझेलची, दोन हजार तीन साली जुनी घेतलेली. निम्मं आयुष्य होडीत काढलेल्या गुरुदासला रस्त्यावर पंचवीसच्या वर जाणं उतावळेपणाचं वाटे. वाटेतल्या कट्टा गावाजवळ सायकलवाले त्याला मागे टाकत आणि जाता जाता बर्फ उरलाय का, अशी चौकशी करत.

वर्षभरात गाडी काळा धूर ओकू लागली. साधा चढही तिला झेपेना. शेवटी एका बाजारच्या दिवशी, मासळी विकून झाल्यावर, नवरा-बायको कसालच्या धोंडू मेस्त्रीकडे गेले. धोंडूने सायलेन्सर सोडवून हातोडीने ठोकला, तेव्हा ओंजळभर काजळी खाली पडली.

"गाडयेक कायएक जावक नाय, काकानू," तो म्हणाला. "तुमचो पाय गरीब आसा."

गाडीत बिघाड नाही, पण हळू चालवल्याने इंजिन तापत नाही, डिझेल पुरतं जळत नाही आणि काजळी आत बसते, असं त्याने समजावलं. उरलेली काजळी गाडीने स्वतःच जाळायला हवी. त्यासाठी हायवेने नांदगावपर्यंत जाऊन यायचं, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबून. मध्ये इंजिन बंद करायचं नाही.

गुरुदासने फर्लांगभर पाय दाबला. मग रस्त्याकडेला कोंबडी दिसली, ती आडवी येण्याच्या विचारात आहे असं त्याला वाटलं. पुढे दोन कुत्रे आले, मग वळण आलं. नर्मदेने ओसरगावपर्यंत हे चालवून घेतलं. तिथे तिने छत्री उचलली आणि तिचं टोक नवऱ्याच्या पायावर टेकवलं.

"पाय उचललात तर छत्री आसा हां," ती म्हणाली.

गाडी गुरगुरली. मागे काळा ढग उठला, पाइपातून ठिणग्या उडाल्या, दोन-तीन बार निघाले. गुरुदास कुलदैवताचं नाव घेत होता. हळूहळू धूर करडा झाला, मग विरळ, आणि सहा महिन्यांत प्रथमच त्याला आरशात मागचा रस्ता दिसला. एक ट्रक मागे पडत चालला होता. त्याने तो पुन्हा पुन्हा पाहिला.

नांदगावात नर्मदेची बहीण प्रेमलता राहत होती. तांडेलांची गाडी एवढ्या वेगाने आली म्हणजे कोणीतरी गेलं, असं समजून ती रडतच बाहेर आली. खरा प्रकार कळल्यावर तिने खिडकीतून चहा दिला. इंजिन चालूच होतं.

परतताना कणकवलीत हवालदाराने अडवलं आणि इंजिन बंद करायला सांगितलं. औषध चालू आहे, मध्येच थांबवता येणार नाही, असं नर्मदेने त्याला सांगितलं. मग हवालदार वेगाबद्दल बोलू लागला.

"म्हणजे साहेब, मी जोरात चालवत होतो?" गुरुदासने विचारलं.

हवालदार हो म्हणाल्यावर गुरुदासने त्याला पावतीवर आपलं पूर्ण नाव घालायला सांगितलं, वडिलांच्या नावासकट. जमल्यास वेगाचा आकडाही लिहा, अशी विनंती केली. दंड भरून त्याने नमस्कार केला.

कसालला धोंडूने पाइपात पांढरं फडकं फिरवलं. ते जरासंच मळलं. महिन्यातून एकदा असं करा, पुरे झालं, तो म्हणाला.

गुरुदास थोडा वेळ घुटमळला. मग नर्मदा गाडीत बसल्याचं पाहून त्याने आवाज खाली आणला आणि दर आठवड्याला केलं तर गाडीला काही अपाय होईल का, असं विचारलं.