वस्तादांनी किल्ली दिली तेव्हा

मी एक जुना अग्निशामक बंब आहे. मित्रांनो, आता मी अग्निशमन ठाण्याच्या अंगणात उभा असतो, पण रस्त्यावर घंटा घणघणली की अजूनही माझं इंजिन धावायला शिवशिवतं!

नवा होतो तेव्हा मी लालभडक होतो. मला चालवायला वस्ताद मिळाले. त्यांचं खरं नाव कुणी घेतच नसे. अरुंद गल्लीतून ते मला असे सफाईने काढत, की खिडक्याखिडक्यांतून टाळ्या पडत. मी फुगून जाई!

पुढे एका आगीत वस्तादांच्या डोळ्यांदेखत एक म्हातारा गेला. त्यांची झोपच उडाली. कुणीतरी म्हणालं, "थोडी दारू घ्या, डोळा लागेल." थोडीची रोजची झाली, मग ती दिवसाउजेडीही सुरू झाली. ठाण्यात सगळ्यांना वास यायचा, पण बोलायचं कुणी? उलटलेल्या किती गाड्यांपाशी आम्ही धावलो होतो! कुठे बाटली सापडे, कुठे नशेच्या गोळ्या. वस्तादांनीच तिथून माणसं ओढून काढली होती. तरीही ते पीतच राहिले.

त्यांची लेक त्याच ठाण्यात जवान म्हणून लागली. मला चालवायला ती बापाकडूनच शिकली होती.

एका दुपारी घंटा वाजली. गादी कारखान्याला आग! वरच्या मजल्यावर बायका अडकलेल्या! बूट, हेल्मेटं, नुसती धावपळ! वस्ताद झोकांड्या खात माझ्या पायरीवर चढले. लेक आडवी आली.

"बाबा, किल्ली द्या."

"मला शिकवतेस? हा बंब मी डोळे मिटून चालवतो!"

"आत बायका जळतायत, बाबा. आणि रस्त्यावर शाळा सुटलीय. उतरा खाली!"

ती पायरीपुढून हलली नाही. वस्तादांनी किल्ली लावून पाहिली. हात इतका थरथरत होता, की ती खाचेत जाईना. ते हाताकडे बघत राहिले. मग उतरले आणि किल्ली तिला दिली.

मग काय सांगू, मित्रांनो! असा सुसाट मी आयुष्यात धावलो नव्हतो! धुराचे लोट, पाण्याचा फवारा, सरसर चढणारी माझी शिडी! एकेक करून सगळ्या बायका खाली आल्या. शेवटची तर खोकता खोकता माझ्या चाकाला मिठी मारून हसू लागली!

परतलो तेव्हा वस्ताद दारातच उभे होते.

"सगळ्या वाचल्या?"

"सगळ्या."

ते तिथेच खाली बसले. "पोरी, मला सोडायचीय. एकट्याने सुटत नाही गं."

तिने त्याच दिवशी त्यांना व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. मध्ये एकदा पाय घसरला, तेव्हा ते आपणहून परत गेले. हळूहळू हात स्थिर झाले. नव्या चालकांना शिकवताना त्यांचा आवाज पुन्हा खणखणीत झाला!

मित्रांनो, आग दिसली की तुम्ही लाजत नाही, मोठ्याने ओरडता. घरातलं कुणी नशेत बुडत असेल तरी तसेच ओरडा. मोठ्या माणसांना हाका मारा, मदत आणा. नशेत जळणारं माणूसही आपलंच असतं!