वहिनींचा अंगठा

थकवा मुळात वहिनींच्या नवऱ्याचा होता. गोदामात दिवसभर उभं राहून तो आलेला माल उतरवून घ्यायचा आणि घरी आला की पायातले बूटही न काढता आडवा व्हायचा. रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यांत काही निघालं नाही. मग कुणीतरी सुया टोचून घ्यायचं सुचवलं. गल्लीच्या टोकाला, चष्म्याच्या दुकानाच्या वर, ॲक्युपंक्चर करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई बसायच्या. वहिनी नवऱ्याच्या सोबतीला म्हणून गेल्या आणि तिथेच अडकल्या.

"सुया आठवड्यातून एकदा पुरेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाकीचे दिवस संध्याकाळी घरी दाबत जा. द्या बघू तुमचा अंगठा."

गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी वहिनींचा अंगठा नेमका ठेवला. वहिनींनी दाबलं.

"अहाहा!" नवरा म्हणाला.

त्या एका अहाहाने घात केला.

थोड्याच दिवसांत नवरा बूट काढून आडवा व्हायला लागला, म्हणजे प्रगतीच म्हणायची. ते पाहून सासूबाईंनी पाय पुढे केले. सासूबाईंचे झाले की दीर मान पुढे करायचा. तो घरातच संगणकापुढे बसून काम करायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याच्या मानेचं लाकूड व्हायचं. "वहिनी, दोनच मिनिटं," म्हणायचा आणि अख्खी मालिका संपेपर्यंत उठायचा नाही. सहा वाजले की बैठकीच्या खोलीत रांग लागायची. वहिनी जमिनीवर, बाकी सगळे वर.

त्यांनी इतरांना शिकवून पाहिलं. शिकवायला त्यांना मनापासून आवडायचं. शेजारच्या अडखळत वाचणाऱ्या मुलीला त्यांनी वाचतं केलं होतं. ती अडली की शब्द सांगून मोकळं न होता त्या नुसत्या थांबायच्या, आणि पोर आपणहून तो शब्द ओढून काढायची. त्याच धीराने त्यांनी दिराचा अंगठा धरून सासूबाईंच्या पायावर ठेवला.

सासूबाई किंचाळल्या. "मेल्या, पाय आहे माझा, दाराची घंटा नाही!"

"आपल्याला नाही बुवा जमायचं," दीर हसत उठला. "वहिनींच्या हाताला गुण आहे."

"खरंय," नवरा म्हणाला.

कोणी टाकून बोललं असतं, तर वहिनींना उलट उत्तर देता आलं असतं. कौतुकाला काय उत्तर देणार? त्या पुन्हा खाली बसल्या.

हळूहळू त्या सकाळी उठतानाच दमलेल्या असायच्या. दुखायचं पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मध्ये, आणि तिथे नेमका स्वतःचा हात पोचत नाही.

अशातच वाचनालयाच्या बाईंनी विचारलं, वाचनात मागे पडलेल्या मुलांना रोज संध्याकाळी शिकवाल का? वहिनींच्या अंगावर आनंदाने काटा आला. घरी सांगितलं, तर सगळे एका सुरात म्हणाले, "कर की!" आणि पाय मात्र कुणीच मागे घेतला नाही.

"सहाला कसं गं जमेल पण?" सासूबाईंनी तेवढं विचारलं.

वहिनींना वाटलं, आपला थकवा तेवढा गेला की दोन्ही जमेल. म्हणून त्या स्वतःच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. या खेपेला नवरा सोबतीला होता.

"रक्त तपासलंत?"

"हो, यांचं तपासलं."

"मी तुमचं विचारतेय."

डॉक्टरीणबाईंनी तपासणीची चिठ्ठी लिहून दिली आणि त्यांना टेबलावर उताणं निजवलं. पायांत, मनगटांत, कपाळाच्या मध्यभागी बारीक सुया बसल्या. "मी येऊन काढेपर्यंत हलायचं नाही," असं सांगून त्या शेजारच्या खोलीत गेल्या. पडद्यापलीकडे बाकावर नवरा बसला होता, मांडीवर वहिनींची पर्स घेऊन.

पर्समधला फोन वाजला.

"हां, बोला. मी तिचा नवरा. वाचनालयातून होय? नाही हो बाई, तिला कुठलं झेपतंय! इथे सुया टोचून पडलीय बिचारी. तुम्ही आपलं नाहीच समजा."

त्याच्या आवाजात खरी माया होती, आणि तीच वहिनींच्या छातीवर दगडासारखी बसली. त्या उठायला गेल्या, तर मनगटातून कळ निघाली.

"अहो!"

"पडून राहा गं. मी मिटवलंय सगळं."

"फोन ठेवलात?"

"नाही, बोलताहेत अजून. तुझीच चौकशी चाललीय."

"आत या. माझ्या कानाला धरा."

"अगं, हलायचं नाही म्हटलंय ना?"

"मी कुठे हलतेय? तुम्ही हला."

नवरा पडदा सारून आत आला आणि वाकून फोन धरून उभा राहिला.

"मग मी दुसऱ्या कुणाला विचारू का?" वाचनालयाच्या बाई म्हणत होत्या. "मुलं उद्यापासून यायचीत."

"नका विचारू," वहिनी म्हणाल्या. "मी येतेय. उद्या. सहाला."

फोन बंद झाला, तरी नवऱ्याचा हात तसाच वाकलेला.

"सहाला?"

"हो."

"मग आमच्या पायांचं काय?"

असा प्रश्न घरात आला की वहिनी लगेच उठायच्या. "बघू या," म्हणायच्या, "जेवणं झाल्यावर दाबीन," म्हणायच्या, चहा टाकायच्या, आणि तेवढ्यात प्रश्न मिटून जायचा. आताही अंग सवयीने उठायला निघालं. पायांच्या आणि मनगटांच्या सुयांनी ते जागच्या जागी बसवलं. चहा टाकता येत नव्हता. मानही वळवता येत नव्हती. नवऱ्याचा प्रश्न खोलीत तसाच उभा राहिला, आणि त्याला खुर्ची द्यायला कुणी नव्हतं.

नवरा स्टुलावर टेकला. "आईला तू सांग."

"तुम्ही सांगा."

"मी कसं सांगू? चिडेल ती."

वहिनी छताकडे बघत राहिल्या. तो पुढे काही बोलेल म्हणून थांबल्या. तो उठून गेला नाही. पर्सची चेन उघडत राहिला, लावत राहिला.

शेजारच्या खोलीतून डॉक्टरीणबाईंची चाहूल अजून लागत नव्हती. लवकर लागू नये, असं वहिनींना वाटलं.