ओतून दिलेलं दूध

सिस्टरनं ओला डायपर वजनकाट्यावर ठेवला, आकडा टिपला आणि कपाळाला आठी घातली. पुन्हा जुलाब. काचेच्या पेटीतल्या त्या ओंजळभर बाळात रडायचंही त्राण नव्हतं. ढुंगण लालभडक झालेलं, टाळू किंचित खोल गेलेली. तिनं मलम लावलं, सलाईन नीट चाललंय ना ते पाहिलं आणि त्याच्या आईच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडली.

जुलाबाचं कारण तिनं केव्हाच शोधून ठेवलं होतं ना! परवा ती पोरगी दूध काढायला बसली, तेव्हा बाटलीचं झाकण टेबलावर उपडं पडलेलं सिस्टरला दिसलं. झालं. दारातच, सासूच्या देखत तिची खरडपट्टी काढली. असलं घाणेरडं दूध लेकराला देण्यासारखं नाही, असंही बोलून गेली. वर रात्रपाळीच्या डॉक्टरला सांगून आईचं दूध बंद केलं, पावडरचं सुरू. या विभागात तिचा शब्द कुणी खाली पडू देत नसे.

मोठे डॉक्टर राउंडला आले. रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, शीच्या तपासणीतही काही निघालं नव्हतं. त्यांनी सरळच सांगितलं, की संसर्ग नाही. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतूही मारलेत, म्हणून हे जुलाब. ते औषध आता थांबवा, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, आणि आईचं दूध द्या, त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मग त्यांची नजर पावडरच्या डब्यावर गेली.

"हे कशाला? आईला दूध नाही?"

"कमी येतंय," सिस्टर म्हणाली.

म्हणाली आणि कानापर्यंत तापली. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिनं आपली चूक कुणावर ढकलली नव्हती. आज ढकलली तीही कुणावर, तर पोटाचे टाके अजून ओले असलेल्या पोरीवर. शरम वाटली तिला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरांना हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, पण जीभ रेटेना.

ती तडक बाळांच्या आयांच्या खोलीकडे गेली. पोरगी बेसिनशी उभी राहून बाटली ओतत होती.

"अगं, ओतू नकोस!"

"छाती भरून येते, काढावं तर लागतंच," पोरगी म्हणाली. "देण्यासारखं नाही, असं तुम्हीच म्हणालात."

सिस्टरनं सगळं सांगितलं. जुलाब औषधानं लागलेत, दुधात काही खोट नाही, आणि डॉक्टरांपुढे आपण खोटं बोललो तेही. पोरगी रडेल, चार शब्द सुनावेल, असं तिला वाटलं होतं. ऐकून घ्यायची तयारीही होती. पोरीनं बाटलीत उरलं होतं तेवढ्यावर झाकण लावलं.

"हे आईंना सांगाल? बाहेर बसल्यात. त्या दिवसापासून माझ्याशी बोलल्या नाहीत."

सासू बाहेर बाकावर होती. येणारेजाणारे ऐकत होते, तरी सिस्टरनं आवाज खाली आणला नाही.

"चूक सुनेची नव्हती, आजी. माझी होती."



"मी तिला म्हटलं," म्हातारी म्हणाली, "तू आई व्हायलाच नको होतंस."

म्हातारी उठली. दोघी खोलीच्या दाराशी आल्या. आधी कुणी आत जायचं ते ठरेना, म्हणून दोघीही तिथंच थांबल्या.