हरणाबाईंनी नेलेली पाटी

“एक पुस्तक मागितलं तर अख्खं कपाटच उचलून नेऊ व्हय?” हरणाबाईंनी ती काळी पाटी उलटीपालटी करून पाहिली. “आन् पानं कुठं हायती ह्याला?”

“तेच तर सांगतेय काकू, पुस्तक ह्याच्या आत आहे. तेवढंच बाहेर काढून देता येत नाही.” शिवकन्याने कपाळावर हात मारून घेतला.

सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून तिची उमेदीची वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर अंगठ्यांचे सांधे धरले. जाड कादंबरी हातात धरली की कळा यायच्या. म्हणून हैदराबादच्या मुलाने, श्रीशैलने, हा ई-रीडर पाठवला. वजनाला हलका, उन्हातही चकाकत नाही, चार्जिंग कित्येक आठवडे पुरतं. पण हवी ती निम्मी मराठी पुस्तकं त्यावर नव्हतीच, आणि जी होती ती शेजारी द्यायची सोय नव्हती. “पैसे मोजून घेतलेलं पुस्तक शेजारणीला देता येत नाही, हे कसलं घेणं रे?” ती फोनवर चिडली, तर मुलगा म्हणाला, “आई, तू तुझं वाच ना.” जणू एकटीनं वाचून वाचन पुरं होतं!

धाराशिवच्या त्या कॉलनीत शिवकन्यानंतर पुस्तक हरणाबाईंकडे जायचं, हा जुना शिरस्ता. हरणाबाई सत्तरी ओलांडलेल्या, कोर्टातल्या कारकुनाच्या विधवा. पूर्वी पुस्तकावरून तावातावाने भांडायच्या. अलीकडे मात्र शिवकन्याने “कसं वाटलं?” विचारलं, की पुस्तक टेबलावर ठेवत नुसतं म्हणायच्या, “बरं होतं.” शिवकन्याला त्याचा राग यायचा. एवढ्या प्रेमानं द्यायचं, आणि उत्तर काय, तर बरं होतं!

शेवटी तिने अख्खी पाटीच दोन दिवसांसाठी दिली. पान कसं सरकवायचं ते दाखवलं. दाखवता दाखवता हरणाबाईंची दोन बोटं भलतीकडे पडली आणि अक्षरं बोराएवढी झाली. शिवकन्या ती लहान करायला गेली, तर म्हातारीने पाटी झटकन छातीशी ओढली. “ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. बिघडवशील.”

दोन दिवसांचा आठवडा झाला. मग पाटी हरणाबाईंसोबत त्यांच्या बहिणीकडे येरमाळ्याला गेली. तिथून फोन.

“शिवकन्ये, ही निजली गं!”

“बटण दाबा काकू. खालचं.”

“दाबलं. आता दुसरंच पुस्तक आलं. खानावळवाली बाई कुठं गेली?”

शिवकन्या डोकं धरून बसायची. इकडे तिने वाचनालयातून आणलेली जाडजूड कादंबरी मांडीवर उशी घेऊन वाचायला घेतली, पण पंधरा-वीस पानांत अंगठा ठणकायला लागायचा. आपलीच वस्तू, आणि आपणच कळा सोसायच्या! हरणाबाई परतल्याचं कळताच ती तरातरा त्यांच्या घरी गेली. आज पाटी घेऊनच यायची.

हरणाबाई ओट्यावर बसल्या होत्या. तिला बघताच उसळल्या, “ती खानावळवाली येडी हाय का गं? नवरा इतक्या वरसांनी आला, तर त्याला जेवू घातलं, आन् वर पैसं मागितलं!”

“बरोबरच केलं तिनं. गिऱ्हाईक म्हणूनच आला होता तो.”

“न्हाय! मग त्याला चांगली फुगलेली भाकर का वाढली? करपलेली तिनं सोताला ठिवली. लिव्हलंय तसं. तू नीट वाचलंच न्हायस.”

शिवकन्याने ती भाकरी वाचली होती आणि विसरलीही होती. कित्येक महिन्यांत काकू अशा भांडल्या नव्हत्या.

“काकू,” तिने हळूच विचारलं, “दिवाळीत दिलेली कादंबरी वाचली होती ना तुम्ही?”

हरणाबाईंनी आत सून कुठे आहे ते पाहिलं. “दोन वरसं झाली. डोळ्याचा पडदा गेलाय म्हणाला डाक्टर. चष्म्यानं काय व्हत न्हाय. बारीक अक्षरं मुंग्यावानी पळतेत.”

“मग पुस्तकं न्यायचात कशाला?”

“न्यायचं बंद केलं असतं, तर तूच इचारलं असतंस. मग सुनेला कळलं असतं, लेकाला कळलं असतं. म्हातारीला दिसत न्हाय म्हणून चुलीपाशी जाऊ दिलं नसतं, रस्त्यावर सोडलं नसतं. पुस्तकं नुसती उशाला ठिवायची म्या. चार रोजानं परत.”

जन्मभर रोग्यांचे डोळे, जिभा, नखं बघणाऱ्या शिवकन्याला भिंतीपलीकडचं हे दिसलं नव्हतं. तिला स्वतःचीच चीड आली. हरणाबाईंनी पाटी पदराने पुसून तिच्यापुढे धरली.

“ने बाई. तुझी हाय. अंगठं दुखतेत तुझं.”

शिवकन्याने हात पुढे केला नाही. “चार्जर आणून देते,” ती म्हणाली. “आणि ते बटण सारखं दाबत जाऊ नका.”

संध्याकाळी श्रीशैलचा फोन आला, “आवडतंय ना, आई?” “हो,” एवढंच म्हणून तिने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जाड कादंबरी उशीवर उघडून बसली असताना शेजारून सुनेची हाक आली, “आत्या, चहा निवायलाय!”

ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बसलेल्या हरणाबाईंनी मान वर न करता हात उचलला.

“थांब गं जरा. एवढं पान होऊ दे.”