रिकामी दोन छिद्रं

बाबांना जाऊन वीस दिवस झाले होते आणि आई-लेकीचं बोलणं अजून चिठ्ठ्यांवरच चाललं होतं. आईला ऐकू यायचं ते बाबांनी बनवलेल्या डबीतून: वर माइक, आत ट्रान्झिस्टरचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर, बाहेर इअरफोनची वायर. बाबा गेले त्याच संध्याकाळी डबी मुकी झाली. विकतचं यंत्र कानात शिट्ट्या मारतं म्हणून आईने ते केव्हाच कपाटात कोंबलं होतं.

शेवटच्या दुपारी हॉस्पिटलात बाबांजवळ लेक एकटीच होती. ते काय म्हणाले, हे ती घरी येऊन कागदावर लिहायला लागली, तेव्हा आईने तिच्या हातातलं पेन काढून घेतलं.

“लिहून नको. मला ऐकायचंय. आधी डबी दुरुस्त कर.”

उद्या लेकीला परत जायचं होतं. म्हणून आज सकाळी तिने जेवणाच्या टेबलावर डबी उघडली आणि शेजारी बाबांची वही ठेवली. ती स्वतः कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. बाबांनी जन्मभर दुसऱ्या एका कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळली, आणि लेकीच्या सिम्युलेशनची थट्टा करायची संधी कधी सोडली नाही. “तुझा कॉम्प्युटर विचारलं तेवढंच सांगतो,” असं ते म्हणायचे.

वहीतलं गणित आखीव होतं. नऊ व्होल्टचा सेल. दोन रेझिस्टर तो दाब वाटून घेतात आणि ट्रान्झिस्टरच्या बेसवर दीड व्होल्ट उरतात. त्यातून करंट जेमतेम एक मिलिअँपिअर. तिने सर्किट लॅपटॉपवर चढवलं. आकडे बाबांच्या आकड्यांशी तंतोतंत जुळले. मग मीटरचं टोक खऱ्या बेसवर टेकवलं. शून्य.

भिंग लावल्यावर दिसलं. सेलच्या वायरीजवळच्या रेझिस्टरचं सोल्डर सुटलं होतं. वायर कोणीतरी जोरात ओढली होती. कोणी ओढली, हे तिला लख्ख आठवलं. तिने सोल्डर पुन्हा लावलं. मीटर दीड व्होल्टवर आला.

इथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण बोर्डावर दोन छिद्रं रिकामी होती, ट्रान्झिस्टरच्या एमिटर या टोकाच्या रेझिस्टरच्या बाजूला, जिथे वर्गातल्या प्रत्येक आकृतीत आवाज वाढवणारा कपॅसिटर असतो. सिम्युलेशनमध्ये तिने एक मिलिव्होल्ट सोडून पाहिला. कपॅसिटरशिवाय गेन, म्हणजे आवाजाची वाढ, साडेचार पट, कपॅसिटर घालून दीडशे पट. इतकी वर्षं आई दीडशेच्या जागी साडेचारावर भागवत होती! बाबांच्या हातून असं राहूच कसं शकतं, याचं तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं. बाबांच्या सुट्या भागांच्या डब्यात कपॅसिटर सापडला. तिने तो बसवला.

आईने इअरफोन घातले.

“आई, ऐकू येतंय?”

आईने ते खेचून काढले. “अगं, बोलतेयस का पत्रा फाडतेयस? आणि फ्रिज काय असा गुरगुरतोय?” मग ती चष्मा लावून बोर्डावर वाकली. “तिथे काय खुपसलंस? ती जागा त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली होती. वहीचं मागचं पान बघितलंस का? महिनाभर आम्हाला माइकपुढे बोलायला लावलं होतं.”

मागच्या पानावर तक्ता होता. हातभर अंतरावरून माइकमधून येणारा व्होल्टेज. मी: बारा मिलिव्होल्ट. ही: दहा. आणि खाली, दोनदा अधोरेखित, भोंगा: तीस.

भोंगा म्हणजे लेक. शाळेत असताना तिचं हळू बोलणंही गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. तक्त्याखाली बाबांनी लिहिलं होतं: ‘पोरगी सर्वांत जास्त बोलते. तिचा आवाज फाटता कामा नये. गेन कमीच ठेवणे. छिद्रं तशीच.’

तिने सिम्युलेशनमध्ये एकाच्या जागी तीस मिलिव्होल्ट घातले. लाटेची टोकं सपाट कापली गेली, म्हणजे आवाज फाटला. विचारलं तेवढंच कॉम्प्युटरने सांगितलं होतं, आणि तिने पुस्तकातलं विचारलं होतं.

कपॅसिटर निघाला. आईने पुन्हा इअरफोन घातले, डबी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

“बोल आता.”

“ते म्हणाले,” लेक म्हणाली, “तिच्या डबीचा सेल बदल. आज तिला ऐकू यायला हवं.”

आईने डबीतल्या सेलवर बोट ठेवलं.

“मग बदललास?”

“घरी आल्या आल्या. ते गेल्याचं तुला सांगायच्या आधी. घाईत वायर ओढली गेली. डबी मीच बंद पाडली, आई.”

“आणि सेल चांगला होता गं,” आई म्हणाली. “आदल्या दिवशीच मी नवा घातला होता.”

ती हसायला लागली. वीस दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता पदराने डोळे पुसले आणि खुर्ची लेकीजवळ ओढली.

“पुन्हा सांग. तेवढंच. आणि जरा हळू, भोंग्या.”

लेकीने पुन्हा सांगितलं, नेहमीच्याच आवाजात. तिला त्याहून हळू जमत नव्हतं. आईने मान हलवली. सगळं नीट ऐकू येत होतं.