अध्यक्षांची उत्तरपूजा

“अहो विश्वंभरराव, खुद्द अमेरिकेनं चालू अध्यक्षाला सूट दिलीय! मग आम्ही झाशीकरांनीच काय कुणाचं घोडं मारलंय?”

मंडळाचा सेक्रेटरी विद्याधर हे भर मांडवात विचारत होता, तेही गणपतीच्या उत्तरपूजेची तयारी चालू असताना. विश्वंभरनं दूर्वांची आणखी एक जुडी निवडायला घेतली. पायावर धोंडा त्यानंच पाडून घेतला होता.

रेल्वे कॉलनीतल्या मराठी मंडळाचे आधीचे अध्यक्ष नारायणराव. एकदा खुर्चीत बसले ते देवाघरी जाईपर्यंत उठलेच नाहीत. शेवटी शेवटी आरतीचं कडवं विसरायचे, संपलेलं भाषण पुन्हा सुरू करायचे. पण सांगायची कुणाची छाती? त्यांच्यामागून विश्वंभर आला, तो दोनदा बिनविरोध. आणि यंदा, एक्कावन्न सालच्या शिमग्याला, त्यानं पेपरात वाचलं की अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला आता दोनदाच निवडून येता येईल. त्यांचा पहिला राष्ट्राध्यक्ष दोन मुदती झाल्यावर आपण होऊन घरी गेला. पुढच्यांनी जवळजवळ दीडशे वर्षं तोच पायंडा पाळला. मग एकजण लागोपाठ चारदा निवडून आला, तेव्हा कायदाच करावा लागला. सध्या गादीवर असलेल्याला मात्र त्यातून वगळलं होतं.

विश्वंभर असा काही खूश झाला की त्यानं बातमी सभेत मोठ्यांदा वाचली आणि तसाच नियम मंडळाला करायला लावला, तोही बिनसवलतीचा. टाळ्या पडल्या. घरी जोडे काढताना त्याच्या ध्यानात आलं, या नियमाचा पहिला बळी आपणच!

आता त्याला ती खुर्ची हवी होती. अगदी मनापासून हवी होती. पार्सल ऑफिसात वर्षभर ‘ए बाबू, जल्दी करो’ ऐकायचं. हे दहा दिवस तेवढे लोक ‘अध्यक्षसाहेब’ म्हणत. या दिवसांत बायकोसुद्धा चहा कपबशीत द्यायची. आणि पुढचा अध्यक्ष व्हायला उरलं कोण, तर वर्कशॉपमधला तानाजी फिटर! त्याच्या हातचा उत्सव म्हणजे आठ दिवस लेझीम आणि उरलेले दोन दिवस पुन्हा लेझीम.

“अहो, देवालासुद्धा आपण पुन्हा या म्हणतो,” विद्याधरनं शेवटचा बाण सोडला. “तळ्यावरून आलो की निवडीची सभा. मी नाव सुचवतो. तुम्ही नुसती मान हलवा.”

मान हलायच्या बेतात होती. तेवढ्यात रघुनाथभटजींनी हाक मारली, “या अध्यक्ष. मूर्ती हलवा.”

ही रीत घरोघरची. उत्तरपूजा झाली की मूर्ती जागेवरून जराशी सरकवायची. तेवढ्यानं देव जातो, माती उरते. मग ती खुशाल पाण्यात न्यावी. विश्वंभरनं दरवर्षी हे केलं होतं, काही वाटलं नव्हतं. आज मूर्तीला हात लावला आणि हात पुढे सरेचना.

“सरकवा की हो,” भटजी हळूच म्हणाले. “फार नको. बोटभर पुरे.”

दहा दिवस सगळी कॉलनी हिच्यापुढे वाकत होती. आता बोटभर हलली की नुसती माती. विश्वंभरनं मूर्ती बोटभर सरकवली.

लक्ष्मी ताल तळ्याच्या काठी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून ओरडून सगळ्यांचे घसे बसले. परतल्यावर दिवसाउजेडीच सभा भरली. विद्याधर खाकरला, त्यानं विश्वंभरचं नाव घेतलं, नियम यंदापुरता बाजूला ठेवूया म्हणाला. हात भराभर वर झाले. त्यात तानाजीचासुद्धा होता.

विश्वंभर खुर्चीतून उठला. “विद्याधर, तुमचं खरं आहे. देवाला आपण पुन्हा या म्हणतो. पण मूर्ती दरसाल नवी आणतो ना?” मग त्यानं मागे हाक दिली, “तानाजीराव, या. बसा इथे.”

“मी? अहो साहेब, मला भाषण येत नाही!”

“देव पावला!” भटजी म्हणाले, आणि मांडव हसला.

विश्वंभर खाली जाजमावर आला. इतक्या वर्षांत तिथे बसला नव्हता. कुठे बसावं तेच त्याला कळेना. शेवटी समोरच मांडी घातली. तानाजी उभा राहिला, ‘बंधूंनो’ म्हणाला आणि तिथेच अडकला. विश्वंभर सगळ्यांबरोबर हसला. डोळे मात्र भरून आले होते.

त्याची मुलगी बकुळ माणसांतून वाट काढत आली. “बाबा, थोडं सरको ना. मला पण बैठायचंय.”

विश्वंभर जागेवरून जरासा सरकला.