काचेवरची तसबीर

विजयादशमीला दिलीपच्या नव्या बसची पूजा मी करावी, असा निरोप आला. मी होकार दिला, आणि देताक्षणीच तो परत घ्यावासा वाटला. त्याच्याच जुन्या बसखाली आषाढात माझे स्नेही बापूजी गेले होते. नवी बस तिच्याहूनही मोठी होती. तिला आशीर्वाद द्यावा की नाही, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. आणि असे प्रश्न ज्यांना विचारावेत, ते तर आता नव्हते.

सौंसरच्या शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो; गावातल्या पूजाही मीच सांगत असे. पत्नी निवर्तल्यानंतर संध्याकाळ सरता सरत नसे. बापूजींची संत्र्याची बाग मोहगावच्या रस्त्याला होती. रोज सायंकाळी आम्ही दोघे तिथवर पायी जाऊन येत असू. अकरा वर्षांत क्वचितच खंड पडला. त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नसे, म्हणून मी नेहमी त्यांच्या डाव्या हाताला, कच्च्या कडेने चाले.

"इकडूनच बोला जी, गुरुजी," ते म्हणत. "उजवा कान कवाचा पेन्शनीत गेला."

एखादा श्लोक मनात घोळवीत मी मागे रेंगाळलो, की विचारत, "चालून राहिले, का समाधी लागली?"

त्या संध्याकाळी बस मागून आली. मोहगावचा रस्ता जेमतेम एका गाडीपुरता. बसची बॉडी मात्र दिलीपने नेहमीपेक्षा हातभर रुंद बांधून घेतली होती, एका रांगेत एक माणूस अधिक बसावा म्हणून. घरघर मला ऐकू आली, त्यांना नाही. मी त्यांच्या मनगटाकडे हात नेला. तो पोहोचण्यापूर्वी बसचा डावा कोपरा पोहोचला.

गावात एकच बोलले गेले, की म्हातारा बहिरा होता. मीही तेच मानले. ते मानणे सोपे होते, कारण त्यात जिवंत माणसांपैकी कोणाचाच दोष नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी बस स्टँडमागच्या पटांगणात गेलो. बस इतकी उंच होती, की तिच्या काचेखाली स्वस्तिक काढण्यासाठी मला स्टुलावर चढावे लागले. दिलीप एके काळी माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत असे. त्याने वाकून नमस्कार केला आणि तांबड्या फडक्यात गुंडाळलेले काही पुढे केले. आत रामपंचायतनाची तसबीर होती, दीड हात रुंद. रामटेकहून ती मीच आणली होती आणि जुन्या बसच्या पुढच्या काचेवर, चालकाच्या डावीकडे, मीच बसवून दिली होती. चालकाच्या दृष्टीपुढे सतत श्रीराम असावेत, एवढाच हेतू होता.

"गुरुजी, एवढं झालं, पण आतल्या एकाच्याही केसाला धक्का नाही लागला," दिलीप म्हणाला. "याही गाडीत तिथंच लावून द्या."

स्टिअरिंगला कुंकू लावण्यासाठी मी वर चढलो आणि चालकाच्या आसनावर बसलो. समोर कडुनिंबाचे शेंडे दिसले, स्टँडचे पत्रे दिसले. दिलीप माझ्या डावीकडे उभा राहून तसबीर काचेला लावून पाहत होता. खाली चालक सुखदेव, जुन्या बसवरही तोच होता, पुढच्या डाव्या चाकाखाली लिंबू ठेवून नुकताच उभा राहिला असणार. त्याची चाहूल लागत होती, पण तो दिसत नव्हता.

"दिलीप, तसबीर जरा बाजूला घे."

सुखदेवची टोपी दिसली, कपाळ दिसले.

"पुन्हा लाव."

सुखदेव नाहीसा झाला.

मी कुंकवाची वाटी खाली ठेवली आणि खिडकीतून त्याला हाक मारली. "सुखदेव, जुन्या गाडीतही असेच होते?"

तो हातात दुसरे लिंबू घेऊन तसाच उभा राहिला.

"होय जी," तो म्हणाला. "त्या दिवशी तुमी दोघंबी त्या तसबिरीमागं होते. मले तर रस्ता मोकळाच दिसून राहिला होता."

"मंग सांगितलं काऊन नाही?" दिलीपचा आवाज चढला.

"देवाचं नाव कसं घेऊ, मालक? अन् लावली तर गुरुजीनंच होती."

माझ्या बोटाचे कुंकू वाळून गेले.

"तसबीर काचेला लागणार नाही," मी म्हणालो.

"बिनदेवाची गाडी म्हणतील लोकं, गुरुजी."

"देव चालकाच्या पाठीमागे बसतील. काच मात्र मोकळी राहील. हार नको, झालर नको, काही नको. मान्य नसेल तर दुसरा पुरोहित पाहा."

दिलीपने तसबिरीकडे पाहिले, मग सुखदेवकडे, आणि मान हलवली. बसची रुंदी कमी करणे माझ्या हाती नव्हते. पूजेचा संकल्प मात्र होता. आजवर मी त्यात आत बसणाऱ्यांचेच क्षेम मागत आलो होतो. त्या दिवशी रस्त्याने पायी जाणारे, सायकलवाले, बैलगाडीवाले यांचेही मागितले. आधीच्या पूजेत ते सुचले नव्हते, हे बहिरेपण कोणाचे म्हणावे?

संध्याकाळी एकटाच मोहगावच्या रस्त्याला लागलो. सवयीने कच्च्या कडेनेच चालत होतो; उजवीकडची, एका माणसापुरती जागा तशीच मोकळी सोडली होती. बागेच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. मी वळून पाहिले. बस पार मंदावली होती, तरी तिला वाट देण्यासाठी मला कपाशीत उतरावे लागले. मोकळ्या काचेमागे सुखदेवने हात वर केला आणि बस हळूहळू पुढे गेली.

धूळ बसेपर्यंत मी तिथेच थांबलो.

"आज त्याला दिसलो मी," उजवीकडे वळून म्हणालो. त्यांचा ऐकू येणारा डावा कान माझ्याच बाजूला असे.